सेरेब्रल पाल्सीतील मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया : अंशांचा हिशोब

जन्मतः मांडीच्या हाडाच्या मानेस पुढच्या बाजूस सुमारे 40 अंशांचा पीळ असतो. तो प्रौढ वयापर्यंत 15 अंशांच्या आसपास उतरतो. सेरेब्रल पाल्सीमध्ये स्नायूंच्या ताठरपणामुळे व उशिरा चालण्यामुळे तो पुष्कळदा कायम राहतो. गुडघे आत वळतात, मूल अडखळते. अशा वेळी हाड कापून, फिरवून, पट्टी व स्क्रूंनी पुन्हा जोडतात. अडचण फिरविण्यातच आहे. छेदाच्या वर व खाली रोवलेल्या दोन तारांमधील कोन शल्यविशारद अनेकदा नजरेनेच जोखतो. 20 मि.मी. व्यासाच्या हाडावर 10 अंशांची चूक म्हणजे परिघावर जेमतेम पावणेदोन मि.मी.; पाऊल मात्र त्या 10 अंशांनी वळलेलेच राहते.

सीटी स्कॅनवरून आरेखित करून त्रिमितीय मुद्रणाने घडविलेला साचा या तारांची दिशा आधीच निश्चित करतो. खर्च व किरणोत्सर्ग वाढतो, हे खरे. शिवाय किती अंश फिरवावे हे साचा सांगत नाही. त्याकरिता चालीचे विश्लेषण व प्रत्यक्ष तपासणीच हवी. साच्याचे आरेखन मात्र अभियंत्याचे काम आहे. नेरूळच्या विद्यानगरात डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय व रामराव आदिक इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी शेजारी-शेजारी आहेत. तेथील दोन्हीकडच्या प्राध्यापकांना हे काम एकत्र हाती घेता येण्याजोगे आहे.