शेती साऱ्या घराची, नोंद मात्र एकाची

भारत हा कृषिप्रधान देश आहे, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु ही शेती प्रत्यक्षात कोण करते, याचा विचार आपण क्वचितच करतो. शेतकरी म्हटले की डोक्याला मुंडासे बांधलेला, खांद्यावर नांगर घेतलेला पुरुष आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. वास्तविक आपल्या देशातील बहुतांश शेती एका माणसाची नसून ती संपूर्ण कुटुंबाची आहे.

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ६० लाख शेतखाती आहेत. त्यांपैकी सुमारे ८६ टक्के खाती दोन हेक्टरांहून कमी, म्हणजे पाच एकरांच्या आतली आहेत. सरासरी जमीन अवघी १.०८ हेक्टर भरते. एवढ्या तुकड्यावर कायमचे मजूर ठेवणे परवडत नाही. म्हणून पेरणीपासून मळणीपर्यंतची कामे नवरा, बायको, वृद्ध आई-वडील आणि शाळेतून आलेली मुले मिळून करतात. लहान शेतीचे खरे भांडवल म्हणजे हे घरचे श्रम होत.

प्रांतोप्रांतीचे चित्र

कुटुंबाचा हा सहभाग सर्वत्र सारखा नाही. पंजाबात सरासरी जमीन ३.६२ हेक्टर, म्हणजे जवळजवळ नऊ एकर आहे. तेथे यंत्रे आली आणि भातलावणीसाठी बिहार व उत्तर प्रदेशातून मजूर येऊ लागले. साहजिकच घरातील माणसांचे शेतातील काम कमी झाले. त्याच बिहारमध्ये सरासरी जमीन ०.३९ हेक्टर, म्हणजे एकरभरही नाही. अनेक घरांतील कर्ते पुरुष मजुरीसाठी परप्रांतांत जातात आणि मागे राहिलेल्या स्त्रिया स्वतःची किंवा बटाईने घेतलेली जमीन कसतात.

केरळात सरासरी जमीन ०.१८ हेक्टर, म्हणजे सुमारे १८ गुंठे आहे. घराभोवतीच्या एकाच परसात नारळ, केळी, मिरी आणि कंद लावण्याची तेथे जुनी रीत आहे. १९९८ साली सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’ योजनेतील महिलांचे गट पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन सामुदायिक शेतीही करीत आहेत. मेघालयातील खासी समाजात वडिलोपार्जित मालमत्ता सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते. झारखंडच्या आदिवासी भागात पावसावरचे भाताचे एकच पीक निघते. तेथे लावणी आणि खुरपणी बहुतांशी स्त्रियांच्याच हातची असते.

आपल्याकडे वसईच्या वाड्यांमध्ये केळी, फुले आणि भाजीपाला पिकविण्यात सारे घर राबत आले आहे. पहाटेच्या गाडीने माल मुंबईच्या बाजारात नेणाऱ्या स्त्रिया आपण पाहिल्या आहेत. नगर, नाशिक आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू भागात स्वतःच्या शेतात राबून पुन्हा दुसऱ्याच्या शेतात मजुरीस जाणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत.

केवळ शेतीवर भागते काय?

२०१८-१९ या वर्षासाठी झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले. त्यात पिकांपासून ३,७९८ रुपये, तर मजुरी व पगारातून ४,०६३ रुपये येत होते. पशुपालनाचा वाटा १,५८२ रुपयांचा होता. मेघालयात हे उत्पन्न २९,३४८ रुपये, तर झारखंडमध्ये केवळ ४,८९५ रुपये होते. शेतकरी म्हणविणाऱ्या घरातही पिकापेक्षा मजुरीचा आधार मोठा आहे, असाच या आकड्यांचा अर्थ होतो. घरातील एक जण बाहेर कमावतो म्हणून शेती टिकते आणि दुसरे कोणी शेत सांभाळते म्हणून तो बाहेर जाऊ शकतो.

कागदावर कोण?

शेत सांभाळणारी ही व्यक्ती बहुधा स्त्री असते. २०२२-२३ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७६ टक्के शेतीत होत्या; पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४९ टक्के होते. मात्र कृषिगणनेत स्त्रियांच्या नावे असलेली खाती १४ टक्क्यांच्या आसपासच आहेत. पीककर्ज असो, नुकसानभरपाई असो किंवा २०१९ पासून वर्षाला सहा हजार रुपये देणारी ‘पीएम-किसान’ योजना असो, पहिली विचारणा जमिनीच्या कागदाची होते. पतीच्या निधनानंतर वर्षानुवर्षे तेच शेत कसणारी विधवाही या कागदाअभावी रिकाम्या हाताने परतते.

या प्रश्नावर महाराष्ट्रात पूर्वीच विचार झाला आहे. १९८६ साली चांदवड येथे शेतकरी संघटनेचे मोठे महिला अधिवेशन भरले. त्यानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि अनेक गावांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वेच्छेने पत्नीच्या नावे करून दिला.

आपण ख्रिस्ती कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. पती मृत्युपत्र न करता निवर्तला आणि मागे मुले असली, तर मालमत्तेचा एक-तृतीयांश हिस्सा विधवेला मिळतो. उरलेला दोन-तृतीयांश भाग मुलगे आणि मुली यांच्यात समान वाटला जातो. मुलगी विवाहित असली तरी तिचा हक्क जात नाही. गोव्यात मात्र तेथील स्वतंत्र नागरी कायदा लागू होतो. जमिनीचा हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवून वारसनोंद करून घ्यावी, असे महाराष्ट्राचा महसूल कायदा सांगतो. पुष्कळ घरांत दुःखामुळे, संकोचामुळे किंवा भावाबहिणींत वितुष्ट नको म्हणून ही नोंद लांबणीवर पडते आणि पुढे तीच वितुष्टाचे कारण ठरते.

संयुक्त राष्ट्रांनी २०१९ ते २०२८ हे कौटुंबिक शेतीचे दशक आणि २०२६ हे महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. आपल्या घरी ते पाळण्यासाठी समारंभाची गरज नाही. एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून सातबारा उघडावा आणि ज्यांच्या घामावर ते शेत उभे आहे, त्यांची नावे त्या कागदावर आहेत की नाहीत, हे पाहावे. नसतील, तर आई-वडील हयात असतानाच त्याविषयी मोकळेपणाने बोलावे.