वेलांटी आधी की नंतर?

नागपुरात कोर्टकचेरीच्या आसपास अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणारे जुने हात रेमिंग्टन टाइपरायटरवर तयार झालेले. 1956 पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि हिंदी-मराठीचं काम एकाच टेबलावर चालणं इथे नवं नाही. त्यामुळे हिंदी पट्ट्यातला कृतिदेव फॉन्ट इथे रुजला यात नवल नाही. त्याने रेमिंग्टनचीच मांडणी ठेवली होती, म्हणून टाइपरायटर जाऊन संगणक आला तरी बोटांना फारसा फरक पडला नाही. अडलं ते युनिकोडपाशी.

कृतिदेवमध्ये ‘नागपूर’ लिहिलं की फाइलमध्ये साठतात ती यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही इंग्रजी अक्षरं. मराठी दिसते ती फॉन्टच्या कृपेने. सरकारी पोर्टलच्या चौकटीत हाच मजकूर चिकटवला तर नुसती इंग्रजी अक्षरं उरतात. युनिकोडमध्ये ‘न’ हा ‘न’ म्हणूनच साठतो, फॉन्ट कोणताही असो.

युनिकोडसोबत सहसा इन्स्क्रिप्ट शिकवतात. सरकारने 1986 मध्ये ठरवलेल्या या मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. गंमत अशी की एफवर पहिली वेलांटी आणि जेवर ‘र’ हे दोन्ही मांडण्यांत सारखंच आहे. म्हणजे या दोन ठिकाणी बोट बरोबर बटणावर पडतं, चुकते ती वेळ. रेमिंग्टन दिसण्याच्या क्रमाने चालतं: ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘क’. इन्स्क्रिप्ट उच्चाराच्या क्रमाने: आधी ‘क’, मग वेलांटी. ‘कर्म’चा रफार जुन्या पद्धतीत ‘म’नंतर द्यायचा, नव्यात ‘क’, ‘र’, मग डी दाबून ‘र’चा पाय मोडायचा, मग ‘म’. ‘वऱ्हाड’ला तर साधा ‘र’ चालतच नाही, शिफ्ट धरून जे दाबावं लागतं. क्रम समजावायला हवा होता तिथे आपण बटणांचे तक्ते भिंतीवर चिकटवत बसलो, असं मला वाटतं.

टाइपिंगच्या दुकानदारांनी आपली वाट काढली. लग्नपत्रिका पेजमेकरमध्ये, कारण 2001 च्या शेवटच्या आवृत्तीतही त्याला युनिकोड देवनागरी जुळवता येत नाही. तिथे जुनाच फॉन्ट. ऑनलाइन अर्ज असेल तर कृतिदेवमध्ये टाइप करून युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढायचा, किंवा युनिकोडसाठीचा रेमिंग्टन कीबोर्ड घ्यायचा. त्यात बोटं जुन्याच क्रमाने चालतात, फाइलमध्ये युनिकोड उतरतं.

कन्व्हर्टर वापरलात तर जोडाक्षरांवरच्या वेलांट्या आणि रफार डोळ्यांखालून घाला. मजकुरात मधेच ईमेलचा पत्ता असेल तर तो आधी काढून ठेवा. साध्या कन्व्हर्टरला इंग्रजी कुठलं आणि कृतिदेव कुठलं हे कळत नाही, तो पत्त्याचंही मराठी करून टाकतो.