पाण्यापासून खत : पवई येथील एक प्रयोग

युरियाच्या पोत्यातील नत्र हवेतून घेतात हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे; परंतु त्या नत्राशी संयोग पावणारा उज्ज, म्हणजे हायड्रोजन वायु, कोठून येतो याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आपल्या उपनगरातील ट्रॉम्बे येथील खतकारखान्यात तो नैसर्गिक वायूपासून काढतात. आणि देशास लागणाऱ्या त्या वायूचा सुमारे निम्मा भाग परदेशांतून जहाजाने आणावा लागतो.

उज्ज पाण्यापासूनही निघतो. पाण्यात दाहक पोटॅश विरघळवून दोन पत्रे सोडावे व विद्युत्प्रवाह चालू करावा. ऋण पत्र्यावर उज्जाचे व धन पत्र्यावर प्राणवायूचे बुडबुडे उठतात. पंजाबातील नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर एके काळी याच रीतीने खतासाठी उज्ज काढीत असत. क्षारयुक्त पाण्यात निकेल, कोबाल्ट यांसारखे स्वस्त धातु टिकतात, हा मोठा लाभ. मात्र तेथे पाण्याचा कण आधी फोडावा लागत असल्यामुळे क्रिया मंद चालते व वीज फुकट जाते. प्लॅटिनमने काम सुधारते, पण त्याची किंमत कोणास परवडणार?

पवईच्या आय. आय. टी.मधील प्रा. चंद्रमौळी सुब्रमण्यम व त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. कोळशाची झेंडूसारखी पाकळीदार, डोळ्यांस न दिसणारी सूक्ष्म फुले करून त्यांवर कोबाल्ट ऑक्साइडचे अतिसूक्ष्म घन बसविले. ढेकूळ फोडले म्हणजे मातीचे जितके अंग उघडे पडते तसेच हे आहे. जवळ लोहचुंबक धरताच उज्ज सुमारे तिप्पट निघाला, वीज १९ टक्के कमी लागली, आणि चुंबक काढल्यावरही गुण काही वेळ टिकला.

आता हिशेब पाहू. ४५ किलो युरियास साडेचार किलो उज्ज लागतो. त्यास पाणी सुमारे ४० लिटर, आणि किलोस ५० युनिट धरल्यास वीज २२५ युनिट. पाणी क्षुल्लक, खरा खर्च विजेचा. युनिटास पाच रुपये धरले तर १,१२५ रुपये होतात. १९ टक्के वाचले तरी ९११. पोत्याची ठरविलेली किंमत, कर व निंबोळीलेप सोडून, २४२ रुपये आहे, ती सरकार उरलेला भार सोसते म्हणून. शिवाय प्रयोगशाळेतील प्रमाण कारखान्यात तसेच उतरेल असे नाही.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या हरित हायड्रोजन मोहिमेत २०३० पर्यंत वर्षास ५० लक्ष टनांचे उद्दिष्ट ठेविले आहे. तथापि युरियास कर्बवायुही लागतो, आणि तो आज नैसर्गिक वायूच्या प्रक्रियेतूनच आयता मिळतो. पाण्यातून कर्ब निघत नाही. तेव्हा हा उज्ज प्रथम अमोनियम सल्फेट, डायअमोनियम फॉस्फेट अशा कर्बरहित खतांकडे वळेल, असे दिसते.