तोडणीची वेळ : डहाणू-तलासरीतील चिकू, भात आणि गवत

पिकाचे उत्पादन जमीन, बियाणे, पाणी आणि खत यांवर अवलंबून असते हे सर्वमान्य आहे. परंतु या चारही गोष्टींवर वर्षभर केलेल्या खर्चाचा निकाल अखेरच्या थोड्या दिवसांत लागतो आणि ते दिवस कापणीचे किंवा तोडणीचे असतात. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या डहाणू व तलासरी या तालुक्यांत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे पाहता येते. किनाऱ्यालगत चिकूच्या बागा, आतल्या पट्ट्यात पावसाळी भाताची खाचरे आणि माळांवर व डोंगरउतारांवर गवत अशी तीन पिके येथे शेजारी शेजारी नांदतात, आणि तिन्हींची तयार होण्याची खूण, उशिराची शिक्षा व घाईचा तोटा वेगवेगळा आहे.

घोलवड, बोर्डी आणि डहाणू परिसरातील चिकू मुख्यतः कालीपत्ती या जातीचा असून, ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या गुणवत्तेला कायद्याची ओळख मिळाली. घोलवडच्या चुनायुक्त जमिनीला या फळाच्या चवीचे श्रेय दिले जाते. मात्र ती चव फळ योग्य वेळी उतरवले तरच ग्राहकाच्या जिभेपर्यंत पोहोचते. येथे फळाचे ‘तयार होणे’ आणि ‘पिकणे’ या दोन अवस्था वेगळ्या समजाव्या लागतात. झाडावर वाढ पूर्ण होऊन फळ तयार होते, तर तोडल्यानंतर साधारण तीन ते सात दिवसांत, तापमानानुसार, ते मऊ व गोड होते. चिकू हे तोडल्यावर श्वसनाचा वेग एकाएकी वाढून पिकणाऱ्या फळांपैकी असल्यामुळे तो तयार अवस्थेत तोडून दूरच्या बाजारात पाठवता येतो. परंतु जे फळ मुळात तयारच झालेले नाही, त्याला कोणतीही आढी किंवा वायू खरी गोडी देऊ शकत नाही.

अडचण अशी की आंबा किंवा केळे ज्या स्पष्टतेने रंग पालटते, त्या स्पष्टतेने चिकू काहीच सांगत नाही. फुलापासून तयार फळापर्यंत साधारण सात ते दहा महिने लागतात आणि झाड वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा फुलत असल्यामुळे एकाच फांदीवर कळी, कोवळे फळ आणि तयार फळ एकत्र दिसतात. म्हणून बाग एका दिवसात मोकळी करता येत नाही; त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाऊन निवडून तोडणी करावी लागते. तोडणाऱ्याची नजर चार-पाच खुणा एकत्र वाचते. कोवळ्या फळावर कोंड्यासारखी तपकिरी पूड असते, ती तयार फळावरून झडू लागते आणि साल गुळगुळीत होऊन बटाट्याच्या रंगाची दिसते. फळाच्या टोकाला फुलाचा जो वाळलेला काटा उरलेला असतो, तो हाताच्या हलक्या स्पर्शाने गळून पडतो. सालीवर नखाने हलका ओरखडा काढला असता खाली हिरवा रंग दिसला तर फळ कच्चे, आणि पिवळसर रंग दिसला तर ते तयार, असे मानले जाते. देठातून येणारा पांढरा चीकही फळ तयार होत गेल्यावर कमी होतो.

या खुणा झाडाच्या शेंड्यावरच्या फळाला हात लावून तपासता येत नाहीत, आणि येथेच या कामाचे कौशल्य आहे. टोकाला जाळी बांधलेली लांब काठी घेऊन झाडाखाली उभी असलेली व्यक्ती पानांच्या दाटीतून आकार, चमक आणि पुडीची दाटी यांवरून निर्णय घेते, जाळी फळाखाली नेते आणि एका झटक्याने ते अलगद जाळीत उतरवते. फळ जमिनीवर आपटले तर वरून काहीच दिसत नाही, पण दोन दिवसांनी आपटलेली जागा काळवंडून सडू लागते. उतरवलेली फळे सावलीत पसरतात, देठाचा चीक निथळू देतात, नंतर धुऊन पूड व चीक काढतात आणि आकारानुसार निवड करून भरतात. तोडणी आणि निवडीचा बराचसा भार परिसरातील आदिवासी स्त्री-पुरुष मजुरांवर असतो.

वेळ चुकल्याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. बाजारभाव चढा असताना घाईने तोडलेले फळ वजनाला कमी भरते, कारण वाढीच्या शेवटच्या टप्प्यातही फळात वजन आणि साखर भरत असते. असे फळ मऊ झाले तरी एकसारखे पिकत नाही, गरात कडक गाठी राहतात आणि तुरटपणा जात नाही. चिकूचा तुरटपणा टॅनिन या द्रव्यामुळे असतो आणि फळ तयार होऊन पिकताना ते घटत जाते. उलट, उशीर झाला तर फळ झाडावरच मऊ होते, वटवाघळे व पक्षी ते खातात, वाहतुकीत ते टिकत नाही आणि दिल्लीसारख्या लांबच्या बाजाराची वाट त्याला बंद होते. बी पोखरणारी अळीही फळ तयार होण्याच्या सुमारास भोक पाडून बाहेर पडते, त्यामुळे गळालेली व किडलेली फळे वेळीच वेचून नष्ट न केल्यास पुढच्या बहराला तिचा उपद्रव वाढतो. पावसाळ्यात तर सततचा पाऊस आणि दमट हवा यांमुळे बुरशीजन्य फळगळ होते, आणि तेव्हा तयार फळ झाडावर ठेवण्यात धोका अधिक असतो.

भाताचे गणित याहून कठोर आहे, कारण तेथे निवडून तोडणी शक्य नसते. अख्खे खाचर एकाच वेळी कापावे लागते. कोकणात भाताच्या जाती मुदतीनुसार हळव्या, निमगरव्या आणि गरव्या अशा ओळखल्या जातात. हळव्या जाती सुमारे ११५ दिवसांच्या आत तयार होतात, गरव्यांना १३५ दिवसांहून अधिक लागतात आणि निमगरव्या या दोहोंच्या मधल्या असतात. उंच, लवकर सुकणाऱ्या जमिनीत हळवे आणि पाणी धरणाऱ्या खोलगट खाचरात गरवे घेण्याची रीत ही वास्तविक कापणीच्या वेळेचीच योजना आहे. फुलोऱ्यानंतर साधारण महिनाभराने, लोंबीतील ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले आणि दाण्यातील ओलावा २० ते २२ टक्क्यांवर आला की कापणी योग्य ठरते. त्याआधी कापले तर हिरवे, पोचट आणि पांढुरक्या पोटाचे दाणे वाढून वजन घटते. त्यानंतर थांबले तर दाणे झडतात, पीक लोळते, आणि दिवसाचे ऊन व रात्रीचे दव यांच्या आलटून पालटून होणाऱ्या माऱ्याने दाण्याला सूक्ष्म चिरा पडतात. या चिरा डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु गिरणीत अख्ख्या तांदळाऐवजी कणी निघते तेव्हा त्यांचा हिशेब लागतो.

हळव्या भाताची खरी परीक्षा परतीच्या पावसाशी असते. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबई परिसरातून मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत हळवे भात कापणीला आलेले असते. उभे ठेवावे तर ते लोळते, आणि कापून कडपे शेतात वाळत घालावेत तर एका सरीने दाण्याला कोंब फुटतात. म्हणून कापणीचा निर्णय केवळ पिकाकडे पाहून घेता येत नाही. आकाश, हाताशी असलेले मजूर आणि कोरड्या खळ्याची सोय या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. भात वेळेत निघाले तर जमिनीतील उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा साधतो; म्हणजे एका पिकाची लांबलेली कापणी दुसऱ्या पिकाचे उत्पादनही कमी करते.

गवताच्या बाबतीत वेळेचा संबंध थेट पोषणाशी आहे. फुलोऱ्याच्या सुमारास गवतात प्रथिने अधिक असतात, आणि बी धरून काड्या पिवळ्या पडू लागल्या की तंतूंचा टणकपणा वाढून जनावराच्या दृष्टीने त्याचे मोल घटते. लवकर कापले तर ते पावसात भिजून काळे पडते. या अल्प मुदतीचे सामाजिक महत्त्वही या भागाने पाहिले आहे. १९४५ मध्ये किसान सभेच्या आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगाव भागातील वारली आदिवासींनी ५०० पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मजुरीची मागणी केली आणि ऐन हंगामात कापणी थांबवली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. त्या संपाला जे बळ होते त्यात या मुदतीचाही वाटा होता, कारण न कापलेले गवत मालकासाठी थांबत नाही, आणि ते वेळेत कापू शकणारे हात कोणाचे आहेत हे त्या हंगामात सर्वांसमोर आले.

तिन्ही पिकांवरून एकच निष्कर्ष निघतो. योग्य वेळ ही दिनदर्शिकेतील तारीख नसून पिकाची अवस्था, हवामान आणि मनुष्यबळ यांच्या भेटीचा क्षण असतो, आणि तो क्षण ओळखणारी नजर खत किंवा बियाण्याइतकाच उत्पादनाचा घटक असते. कच्चे फळ ओळखून झाडावर ठेवणाऱ्याला जर केवळ किती करंड्या भरल्या यावरच मजुरी मिळत असेल, तर घाईने तोडण्याला आपणच उत्तेजन देतो. डहाणू घोलवडच्या नावाने विकल्या जाणाऱ्या फळाचा दर्जा टिकवायचा असेल, तर बागायतदारांनी आणि त्यांच्या संघांनी निवडक तोडणीला वेगळी मजुरी ठरवावी, तोडणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे आणि कच्ची फळे बाजारात नेणे थांबवावे.