माहीमचं चर्च कोणाचं?

मुंबईत टॅक्सीवाल्याला ‘माहीम चर्च’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. लेडी जमशेदजी रस्ता संपून माहीम कॉजवे सुरू होतो, त्या कोपऱ्यावर तो तुम्हाला उतरवतो. बुधवार असेल तर बराच अलीकडे, कारण पुढे गाडी सरकत नाही. सेंट मायकल हे चर्चचं खरं नाव पाटीवर आहे, बोलण्यात क्वचितच येतं. इतर दिवशी हे शहरातल्या कुठल्याही पॅरिश चर्चसारखं असतं. सकाळची मिस्सा, बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी, मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग. बुधवारी मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत हजारोंची रीघ लागते. त्यांतले बरेचसे या पॅरिशचे नसतात आणि कित्येक तर ख्रिस्तीही नसतात. या चर्चचा इतिहास चाळताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: हे चर्च कोणाचं? उत्तर अनेकदा बदललं, आणि एकदा तर ते ठरवायला वेढा पडला.

पॅरिश म्हणजे हद्द. अमुक गल्लीपासून तमुक नाल्यापर्यंत राहणारे सगळे कॅथलिक या चर्चचे, असा तो हिशेब असतो. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं या व्यवस्थेला शिस्त लावली. पॅरिशच्या पाद्रीनं बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवायची, आपली माणसं ओळखायची, असे नियम आले. आजही कॅथलिक माणसाला लग्न करायचं तर बाप्तिस्मा झालेल्या चर्चमधून दाखला आणावा लागतो. तलाठ्याच्या दप्तरात जमीन असते तशी पॅरिशच्या दप्तरात माणसं असतात. म्हणूनच हद्दीचं भांडण इथे नुसत्या मानापमानाचं राहत नाही. माणसं कोणाच्या वहीत लिहायची, त्याचं ते भांडण असतं.

माहीमच्या चर्चची स्थापना परंपरेनं 1534 ची मानली जाते आणि श्रेय फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दु पोर्तो यांना दिलं जातं. हेच ते पाद्री, ज्यांच्या काळात बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्याचं चर्च झालं. 1534 हे साल मला जरा जास्तच सोयीचं वाटतं. गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्याखालची बेटं पोर्तुगीजांना देण्याचा तह केला तोच त्या वर्षाच्या डिसेंबरात. शाई वाळायच्या आत माहीमला भिंती उभ्या राहिल्या असतील, हे पटत नाही. सत्ता आली ते साल चर्चच्या नावावर लागलं असावं. पण काही वर्षं इकडेतिकडे झाली तरी हे चर्च मुंबईतल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी एक ठरतं, यात वाद नाही.

पाद्री आले तेव्हा माहीम काही ओसाड नव्हतं. महिकावतीच्या बखरीतल्या बिंब राजाची राजधानी म्हणून या गावाची ख्याती होती. 1431 मध्ये वारलेल्या मखदूम अली माहिमींचा दर्गा इथलाच, चर्चपासून पायी जाण्याच्या अंतरावर. खाडीचं तोंड, बंदर, कोळ्यांची वस्ती. ज्याला ही बेटं ताब्यात ठेवायची होती त्याला माहीम सोडून चालणारं नव्हतं. चर्चही त्याच नाक्यावर बसलं.

1661 मध्ये पोर्तुगालची राजकन्या इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली आणि सोबत मुंबई आंदण गेली. या आंदणात माहीम येतं की नाही, यावरच दोन्हीकडचे अधिकारी भांडले. 1665 मध्ये हम्फ्री कुकनं ताबा घेतला तेव्हा त्यानं माहीमही घेतलं. चर्चला आता विचित्र दिवस आले. राज्य प्रॉटेस्टंट इंग्रजांचं, पाद्री पोर्तुगीज फ्रान्सिस्कन, आणि त्यांचे धर्माधिकारी गोव्यात बसलेले. इंग्रजांना या पाद्र्यांवर हेरगिरीचा संशय होताच. 1720 मध्ये त्यांनी गोव्याचा अधिकार मोडून काढला आणि मुंबईतली चर्चं रोमनं नेमलेल्या कार्मेलाइट पाद्र्यांकडे सोपवली.

इथून दोन पक्ष पडले. एक पाद्रोआदो, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चांवर पोर्तुगालच्या राजाला पोपनं दिलेला आश्रयदात्याचा हक्क. दुसरा प्रोपगांडा, म्हणजे धर्मप्रसारासाठी 1622 मध्ये रोममध्ये स्थापन झालेलं खातं. दोघांचा धर्म एक, मिस्सा एक, लॅटिनही एकच. भांडण होतं ते नेमणुकीच्या हक्काचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनी सरकारनं चर्चं परत गोव्याला दिली, मग पुन्हा काढून घेतली, आणि शेवटी वैतागून दोन्ही पक्षांत वाटून टाकली. माहीमचं चर्च प्रोपगांडाच्या बाजूला गेलं.

मधल्या काळात या चर्चनं एक पाहुणी सांभाळली. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी घेतली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, आणि खाडीपलीकडच्या वांद्र्याच्या टेकडीवरचं मारियेचं देऊळ त्या धामधुमीत पडलं. तिथली मूर्ती माहीमच्या या चर्चमध्ये आली आणि 1761 पर्यंत इथेच राहिली. मग ती वांद्र्याला परत गेली. आज सप्टेंबरात जिच्या जत्रेला अलोट गर्दी लोटते ती मोतमाउली हीच. मराठी वाचकाला या प्रसंगात कोणाची बाजू घ्यावी असा प्रश्न पडू शकतो. मोहिमेचा पराक्रम आपण शाळेत शिकलो. त्याच मोहिमेची दुसरी बाजू माहीमला बावीस वर्षं मूर्तीच्या रूपानं उभी होती, एवढं सोबत लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता वेढ्याची गोष्ट. 1838 मध्ये पोप सोळाव्या ग्रेगरींनी फर्मान काढून पाद्रोआदोचा अधिकार बऱ्याच भागांतून काढून घेतला. गोव्यानं ते मानलं नाही आणि मुंबईतले कॅथलिक घराघरांत दुभंगले. 1850 मध्ये प्रोपगांडाच्या बाजूनं मुंबईचा कारभार बिशप अनास्तासियस हार्टमन यांच्याकडे आला. स्वित्झर्लंडमधले कापुचिन संन्यासी, आधी पाटण्याचे बिशप, माणूस कडवा आणि उद्योगी. त्याच वर्षी मुंबईत सुरू झालेल्या कॅथलिक नियतकालिकामागेही तेच होते. ते ‘द एक्झामिनर’ या नावानं पुढे चालत राहिलं. 1853 मध्ये माहीमचे लोक पाद्रोआदोकडे झुकले आणि चर्च त्या पक्षाकडे द्यावं असा आग्रह धरू लागले. हार्टमन स्वतः माहीमला आले, चर्चमध्ये जाऊन बसले आणि दारं लावून घेतली. चर्च देण्यापेक्षा हुतात्मा होईन, असा त्यांचा पवित्रा होता. विरोधकांनी बाहेरून वेढा घातला आणि आत जाणारी रसद तोडली. एक कॅथलिक बिशप चर्चच्या आत, त्याला उपाशी ठेवू पाहणारे कॅथलिक बाहेर, आणि मध्ये शांतता राखायला प्रॉटेस्टंट सरकार! पंधरा दिवस हे चाललं. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून दारं उघडवली, आणि चर्च पाद्रोआदोला मिळालं.

हार्टमन हरले असं इथे म्हणावं लागतं, पण रोमच्या मनातली व्यवस्था पुढे त्यांच्याच बाजूनं गेली. 1886 च्या करारानं मुंबईला आर्चबिशप मिळाला. तरीही पाद्रोआदोची चर्चं दमणच्या बिशपकडे राहिली. एकाच गल्लीत शेजारी राहणारी दोन घरं दोन बिशपांची असायची, कारण अधिकार जागेवर नव्हता, घराण्यावर होता. 1928 मध्ये ही दुहेरी सत्ता संपली. पण त्यातही पोर्तुगालला खूश ठेवायला मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनं पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा अशी तडजोड झाली. 1950 मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले तेव्हा कुठे ही आळीपाळी थांबली.

या भांडणाच्या पोटात इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांचं काय झालं, हे सहसा कोणी विचारत नाही. कोळी, भंडारी, शेतकरी घराण्यांतले हे लोक. नोकऱ्यांसाठी गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे, हे दाखवायला 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांनी पूर्वेचं नाव घ्यावं, ही किमया ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीची.

माहीमचं आजचं रूप घडवलं ते मात्र यांपैकी कुणीही नाही. एडवर्ड प्लासिडस फर्नांडिस नावाच्या पाद्रींनी बेलफास्टमध्ये रिडेम्प्टरिस्ट संघाच्या पाद्र्यांनी चालवलेला नोव्हेना पाहिला होता. 8 सप्टेंबर 1948 रोजी, मारियेच्या जन्मदिनी, त्यांनी तो माहीमला सुरू केला. त्या दिवशी बुधवार होता, आणि बुधवारच पुढे कायम झाला. नोव्हेना म्हणजे नऊ वेळा सलग करायची प्रार्थना. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पेंतेकोस्तपर्यंत शिष्य नऊ दिवस प्रार्थनेत बसले, त्यावरून आलेली. माहीमला नऊ बुधवार करायचे. आपल्याकडच्या सोळा सोमवारांना सरावलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही, आणि गर्दीचं अर्धं कारण मला वाटतं इथेच आहे.

ज्या चित्रापुढे ही प्रार्थना होते ते बायझंटाइन धाटणीचं आहे. निरंतर साहाय्य करणारी माता, असं तिचं नाव. मूळ चित्र रोममधल्या सेंट आल्फोन्सस चर्चमध्ये असतं. 1866 मध्ये नवव्या पायस पोपनी ते रिडेम्प्टरिस्ट संघाकडे सोपवलं. आईच्या हातावरचं बाळ दचकून मागे पाहतंय, घाईत त्याच्या एका पायातली चप्पल निसटून लोंबते आहे. वरच्या कोपऱ्यांत दोन देवदूत आहेत. उजवीकडचा गाब्रिएल, क्रूस आणि खिळे घेतलेला. डावीकडे भाला आणि स्पंज घेऊन उभा आहे तो मिखाएल. ज्याच्या नावाचं चर्च, तो चित्राच्या कोपऱ्यात. आणि लोक येतात ते मधल्या आईकडे.

बाहेर मेणाचा बाजार असतो. मेणबत्त्या तर आहेतच, पण मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरंही मिळतात. दुखरा अवयव किंवा हवी असलेली वस्तू मेणात घ्यायची आणि मातेला वाहायची. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या घरातल्या माणसाला हे परकं वाटत नाही. पाद्र्यांना हा बाजार कितपत आवडत असेल याची मला शंका आहे, पण त्यांनी तो मोडला नाही, हे शहाणपणच. मेणाहून बोलकी असतात ती पत्रं. मागणीची वेगळी, आभाराची वेगळी. नोकरी, मूल, परीक्षा, दारू सुटणं, जागेचा दावा, आजारपण. आभाराची काही पत्रं प्रार्थनेत वाचून दाखवली जातात. मुंबईकराला रात्री झोप कशानं लागत नाही याचं इतकं सलग दप्तर दुसरीकडे सापडणं कठीण.

या गर्दीनं चर्चची इमारतही बदलली. आजची वास्तू 1973 ची. सोळाव्या शतकाचा माग काढायला आलेला माणूस इथे हिरमुसतो, कारण समोर दिसतं ते मोठा जमाव सामावून घेणारं प्रशस्त काँक्रीटचं सभागृह. दादरचं पोर्तुगीज चर्चही त्याच दशकात नव्यानं बांधलं गेलं, चार्ल्स कोरियांच्या आराखड्यानुसार. ते पाहायला आजही वास्तुकलेचे विद्यार्थी जातात. माहीमला वास्तुकला पाहायला कोणी येत नाही. जुनी भिंत राखली असती तर बरं झालं असतं, असं मलाही वाटतं. पण सकाळी सात वाजता आत शिरू पाहणाऱ्या बाईला तसं वाटलं नसतं.

आवारात दफनभूमी आहे आणि ती बुधवारवाल्यांची नाही. तिथे पॅरिशची माणसं पुरली जातात. मुंबईत जागेची इतकी टंचाई की साधी कबर काही वर्षांनी पुन्हा उघडते आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात. बुधवारची माणसं कुठल्याच वहीत नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा इथे नाही, लग्न नाही, कबरही नाही. नऊ आठवडे येतात आणि काम झालं की आभाराचं पत्र टाकून जातात. काही जन्मभर येत राहतात.

मिखाएलचा सण 29 सप्टेंबरला. त्या दिवशी पॅरिशची माणसं नटूनथटून येतात आणि चर्च पुन्हा त्यांचं होतं. पण कॅलेंडरची एक गंमत आहे. 8 सप्टेंबर आणि 29 सप्टेंबर यांच्यात बरोबर तीन आठवड्यांचं अंतर, म्हणजे दोन्ही तारखांना वार एकच येतो. 1948 मध्ये दोन्ही बुधवारी होत्या. पहिल्या नोव्हेनाचा चौथा बुधवार मिखाएलच्याच सणाचा होता. 2027 मध्ये दोन्ही पुन्हा बुधवारी येताहेत. त्या 29 तारखेला पॅरिशच्या सणाची मिस्सा किती वाजता लावायची, हे पाद्रींना आधीपासूनच ठरवावं लागेल.