क्रोशाची टोपी साच्यावर वाळवा

रमजान जवळ आला की आमच्या गेवराईत जाळीच्या टोप्यांना उठाव येतो. गिऱ्हाईक हातविणीची टोपी उचलते, डोक्यावर ठेवून पाहते आणि पुष्कळदा परत ठेवते. धागा चांगला, वीण चांगली. पण कड वळलेली आणि माथा एका अंगाला झुकलेला. शेजारची यंत्रावरची टोपी घोटीव दिसते, तीच खपते. घरी बसून विणणाऱ्या भगिनींची मेहनत अशी मातीमोल होते.

टोपी सुईवरून उतरली म्हणजे माल तयार झाला, असे नाही. विणताना हाताचा ताण कमीजास्त होतो. टाके ओले करून मापावर ताणून वाळवले, तरच सारखे बसतात. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळच्या रुमी टोप्या पितळी साच्यावर चढवून दाबून घेत. उर्दूत त्याला कालिब म्हणतात.

आपल्याला पितळ नको. ७ इंच व्यासाचा स्टीलचा डबा घ्या. दोरी लावून पाहा, घेर २२ इंच भरतो. म्हणजे २२ नंबरची टोपी. गोल माथ्याची असेल तर त्याच घेराचे पातेले उपडे घाला.

सुती टोपी कोमट साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. साबुदाण्याची पातळ खळ देऊन डब्यावर चढवा, कड सारखी करा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. घाई करून ओलसर काढली तर सगळे फुकट. रंगीत धागा असेल तर आधी तुकडा भिजवून रंग जातो का पाहावे. थालपोस, रुमाल गादीवर ताणून टाचावेत. मात्र टाचण्या पितळी हव्यात, लोखंडाच्या गंजाचा डाग सहजी निघत नाही.

बाजारात लोकर म्हणून मिळते ते बहुधा अॅक्रिलिक. ते नुसत्या पाण्याने आकार धरत नाही, वाफ लागते. इस्त्री वरच्यावर धरावी. टेकली की धागा चपटा पडतो तो कायमचा.

आपल्या तालुक्याच्या उत्तरेने जाणारी गोदावरी आंध्रात नरसापूरजवळ समुद्राला मिळते. तेथेही बाया घरीच क्रोशा विणतात, आणि त्यांचा माल परदेशी जातो. २०२४ साली त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. असा व्यापार करायचा तर डझनातले बाराही नग एका मापाचे लागतात.

व्यापारी बांधवांनी या कामाची मजुरी वेगळी धरावी. साबण-खळीचे पैसे विणणारीच्या हिशेबातून कापू नयेत. आणि वाळलेल्या टोप्यांची घडी घालू नका, एकीत एक बसवून दुकानात आणा.