माथ्यावरचे गोटे

झुरिक शहराला खेटून आल्बिस ही बीचच्या झाडीनं भरलेली लांबट डोंगररांग आहे. तिच्या उत्तर टोकाला, सुमारे ८७० मीटर उंचीवर, उटलिबेर्गचा माथा. तिथला खडक अगदी जवळून पाहावा: गुळगुळीत गोटे चुन्याच्या लुकणानं एकमेकांना घट्ट चिकटलेले, जणू निसर्गानंच ओतलेलं काँक्रीट. गोटे असे घासले जातात ते वाहत्या पाण्यात. म्हणजे हिमनदीच्या वितळत्या पाण्यानं ते इथं पसरले, तेव्हा आजचा हा माथा सखल होता! पुढच्या हिमयुगांत बर्फानं आणि पाण्यानं भोवतालची जमीन खोल कोरली. या टणक टोपणाखालचा मऊ वाळूखडक मात्र तगून राहिला. शेजारच्या कोरलेल्या खळग्यात आज झुरिकचं सरोवर आहे.